इमानबाची शपथ

नाथाजीनं फौजेत उमेदीची वर्षं पहाऱ्यावर काढली. नोकरी संपली, पहारा काही सुटला नाही. जावयानं पेढे आणले तरी "हे कशापायी?" म्हणून तो आधी पुडा उलटासुलटा करून बघायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा गडी पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. उभ्या जन्मात त्यानं विश्वास टाकला तो एकट्या इमानबावर.

आटपाडीच्या अंगाला, नाथाजीच्या रानाला लागून मोठा सपाट माळ आहे. त्यावरचा चुन्यानं पांढरा केलेला दगड म्हणजे इमानबा. त्याच्यावर हात ठेवून जो खोटं बोलेल त्याचं वाटोळं होतं, असं नाथाजी मानायचा. फौजेतून परतल्यावर त्याच्या मनानं घेतलं, की धाकट्या भावानं, आप्पासोनं मधला बांध सरकवलाय. भाऊबंदकी पेटली, बोलणं तुटलं. शेवटी आप्पासोनं इमानबावर हात ठेवला. "बांध म्या हलवला न्हाई." संपलं भांडण. तेव्हापासून दोघं भाऊ एका ताटात जेवत आले.

दसरा जवळ आला होता. नाथाजी इमानबाभोवतीचं गवत उपटत होता, तेवढ्यात माळावर एक गाडी थांबली. एक म्हातारा उतरला, ढांगा टाकत या टोकापासून त्या टोकाला गेला आणि मोबाइलवर फोटो काढू लागला. जमिनीची मोजणी! दुसरं काय असणार?

"आवं पावनं, कुनी धाडलं तुमास्नी?"

"कुणीच नाही. मी चिंतामण, वाईचा. संस्थानच्या काळात इथं विमानं उतरायची. माझे आजोबा तेव्हा इथं मिस्त्री होते. म्हटलं, जागा एकदा डोळ्यांनी बघावी."

"वाईपासनं हितवर, नुसता माळ बघाय?" नाथाजीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग सरळ दगडापाशी नेलं. "ह्या इमानबावर हात ठिवा आन् मंग बोला."

दगड बघून पाहुणे हरखलेच. "अहो, हाच तो! वरून वैमानिकाला दिसावेत म्हणून दगड गोल मांडून चुना लावायचे. आजोबा सांगायचे ना!" त्यांनी पायानं गवत बाजूला सारलं. एक दगड निघाला. पुढे आणखी एक, मग आणखी एक, गोलाकार वळत गेलेले. "तुमच्याकडं विमानाला काय म्हणतात हो?"

"इमान," नाथाजी बोलून गेला आणि दगडाकडं बघू लागला. इमान. इमानबा!

पाहुणे पाणी पिऊन, हात जोडून निघून गेले. नाथाजी तिथंच बसून राहिला. देव नव्हता, मग शपथ कसली? आणि शपथ नव्हती, तर बांध?

संध्याकाळी आप्पासो शेरडं घेऊन आला.

"आप्पा, ह्यो दगड कसला रं?"

"इमानाचा. आज्जाच चुना मारायचा की त्याला, संस्थानची चाकरी हुती. दर साल चुना मारायची सवय ऱ्हायली आन् मागनं त्याचा देव झाला. आज्जानं जाताना मला सांगितलं, तवा तू फौजेत हुतास."

"म्हंजी तुला ठावं हुतं! मंग ह्याच्यावर शपथ का घेतलीस?"

आप्पासोनं शांतपणे भावाकडं बघितलं. "दादा, दुसऱ्या कशावर इस्वास ठिवला असतास तू?"

नाथाजी दगडालगतचं गवत उपटू लागला.

"इचार आता," आप्पासो म्हणाला. "दगडाबिगर सांगतो."

प्रश्न नाथाजीच्या जिभेवर आला होता. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खरं काय ते ऐकायची भीती वाटली. बांध गेला तर हातभर जमीन जाईल. भाऊ गेला तर ताटावर एकटं बसावं लागेल. तो उठला, दगडावर तळवा टेकला आणि म्हणाला, "बांधाचं पुन्यांदा इचारनार न्हाई. शपथ."

"आरं, पन त्यो देव न्हाई, कळलं न्हवं तुला आत्ता?"

"नसंना," नाथाजी म्हणाला. "इमान तर हाय."