पाटलीणबाईंचा उखा

सुरतेत, बमरोलीच्या यंत्रमागाच्या कारखान्यात उखाला सगळे ‘पाटील’ म्हणत. पाटलाची जात त्याला फुकटात मिळाली होती, जमीन मात्र वीतभरही नाही.

त्याचं असं झालं. उखा जन्मला भिल्लाघरी. आधीची तीन मुलं दगावलेली. म्हणून आई सुभद्राबाईनं खानदेशातल्या चालीप्रमाणं त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि समोरच्या पाटलीणबाईंनी सूपभर कोंडा देऊन विकत घेतलं. पोर आपलं नाहीच म्हटलं की नेणारा दारातूनच परत फिरतो. शाळेत नवख्या मास्तरांनी विचारलं तेव्हाही सुभद्राबाई घाबरून तेच बोलली, “हाऊ मना पोऱ्या नही, पाटलीनबाईना शे.” मास्तरांनी बिचाऱ्यांनी पाटलीणबाईंच्या नवऱ्याचं नाव लावून लिहून घेतलं: उखा हिलाल पाटील, मराठा.

बावन्न वर्षं तिनं त्याला कधी मुलगा म्हटलं नाही. सुरतेत एका खोलीत राहूनही नाही.

आता उखाच्या मुलीला, अश्विनीला, नर्सिंगला जायचं होतं. आदिवासींच्या राखीव जागेवर नंबर लागत होता, पण त्याला जातीचा दाखला हवा होता. खुल्या जागेची फी मागावर राबणाऱ्याला झेपणारी नव्हती. सुरतेच्या कचेरीत म्हणाले, “दाखलो तमारा गामथी लावो.” गावाकडचा वकील म्हणाला, आधी आजीचं प्रतिज्ञापत्र हवं, उखा माझ्या पोटचा म्हणून.

ते ऐकल्यापासून सुभद्राबाई दिवसाढवळ्या कडी लावू लागली. मध्येच विचारायची, “दारमा कोन उभं शे?” कुणी नसायचं. उखा हसण्यावारी न्यायचा, पण दाराकडं पाठ करून जेवायला बसणं त्यानंही सोडलं.

वकिलाचा माणूस कागद घेऊन आला आणि लाइट गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. एवढी शांतता बमरोलीत कुणी ऐकली नव्हती. म्हातारीनं स्वतः उठून कडी काढली, शाईत अंगठा बुडवून कागदावर उमटवला आणि मोकळ्या दाराकडं बघत ती म्हणाली, “हाऊ मना पोऱ्या शे. मना पोटना.”

उखाच्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. जन्मभर तो या शब्दांना भुकेला होता.

म्हातारी पाट ओढून उंबऱ्यात आडवी बसली. “त्याले नही,” ती बाहेर म्हणाली, “माले ली जाय.”

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिनं जरा वेळ कान देऊन ऐकलं, मग मान हलवली.

“चालीन,” ती म्हणाली. “फक्त अश्विनीना दाखला हाती येऊ दे.”