बरोबर वेळ सांगणारे साडू

आमच्या साडूंना एकदा 'किती वाजले?' विचारणारा माणूस पुन्हा तो प्रश्न कुणालाच विचारत नाही. "तुमचा प्रश्न यायला आणि माझं उत्तर जायला मिळून जो वेळ लागला, त्याच्या निम्मा यात मिळवा," असं हा गृहस्थ भर रस्त्यात सांगतो. संगणक एकमेकांना अशीच वेळ विचारतात म्हणे. विचारोत बापडे, त्यांना कुठे भाजी आणायची असते? बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घरी टीव्हीपासून गीझरपर्यंत सगळं एका सर्व्हरला वेळ विचारून चालतं, आणि गेल्या दिवाळीत माझ्या घरातली घड्याळंही त्यांनी मला न विचारता त्याच दावणीला बांधली. माझं घड्याळ मी वर्षानुवर्षं दहा मिनिटं पुढे ठेवत आलो होतो. त्यावर माझी नोकरी टिकली होती.

नळ दुरुस्त करणाऱ्या मौलाभाईंशी तर त्यांचं कायम वाकडं. मागच्या खेपेला कधी आला होतात, असं हे विचारणार, ते "परसोंच आया ना साब" म्हणणार, आणि ते परसों गेल्या उन्हाळ्यातलं निघणार. मग नळ गळत राहतो आणि साडू मौलाभाईंना सेकंदाचं महत्त्व समजावत बसतात.

माझ्या मुलीच्या लग्नात तर कहरच. चिक्कडपल्लीतल्या कार्यालयाचं मोठं घड्याळ या माणसाने स्वतःच्या लॅपटॉपला जोडलं आणि गुरुजींना मोबाईल पिशवीत ठेवायला लावला. मुहूर्त याच घड्याळावर, अशी तंबी. नेमके मुलीचे मामा वाहतुकीत अडकले. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, मामा पाठीशी नसले तर नक्को मला." थोडं थांबू या, असं मी साडूंना विनवलं. "मुहूर्त म्हणजे मुहूर्त, विनायकराव," म्हणत त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

गुरुजी मात्र घड्याळाकडे पाहत "अजून अवकाश आहे" म्हणत राहिले. मामा धापा टाकत आले, भाचीच्या पाठीशी उभे राहिले आणि मगच पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. अक्षता टाकताना मी माझा मोबाईल पाहिला. मुहूर्त केव्हाच टळला होता.

पंगतीत मी साडूंना गाठलं. "एकदम मागे ओढलं असतं तर लक्षात आलं असतं," ते पानाकडे बघत म्हणाले. "घड्याळ नुसतं मंद चालवायचं. संगणकही तेच करतात."

मी काहीतरी खरमरीत बोलणार होतो.

"आमच्या लग्नात हिचे मामा पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या," ते म्हणाले. "मुहूर्त चुकू नये म्हणून मीच घाई केली होती. ही त्यावर कधी एक शब्द बोलली नाही."