लिटरभर पेट्रोल आणि वाडीचा रस्ता

रत्नागिरीहून सकाळी सहाला निघालो तेव्हा मागच्या सीटवर आई पाय लांब करून बसली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला एसटीत बसवत नाही. नृसिंहवाडीला, आमच्या बोलण्यातल्या वाडीला, माझी मावशी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. आईला बहिणीकडे सारखं जायचं असे आणि आमची जुनी मोटार लिटरला जेमतेम नऊ किलोमीटर जायची, म्हणून दोन महिन्यांतून एकदाच नेणं जमे. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. गाडीचं पेट्रोल कमी करून देणारा एक मिस्त्री कोल्हापुरात आहे असं कळलं, म्हणून या वेळी वाट वाकडी करून आधी तिथल्या उद्यमनगरात, गॅरेजांच्या वस्तीत शिरलो.

आंबा घाटात इंजिन तापलं, दोनदा थांबावं लागलं. आईनं दोन्ही वेळा खिडकीतून दरीकडे पाहिलं. मलकापुरात चहा घेतला, तो बेताचा होता.

रजाकभाई मिस्त्री साठीचे, कानावर पेन्सिल, आवाज चढा. मी म्हणालो, "आईला वरचेवर वाडीला न्यायचंय. ही नऊ देते."

"तोंडी ॲव्हरेज मी घेत न्हाई, पावणं. बाटली लावू."

बाटली लावणं म्हणजे टाकीची नळी काढून बॉनेटखाली लिटरभर पेट्रोलची बाटली टांगायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. जिथे बंद पडेल तो तिचा खरा ॲव्हरेज. मी आईला उतरवून गॅरेजातल्या खुर्चीवर बसवायला निघालो, तर मिस्त्री आडवे आले. "आक्कास्नी उतरवू नका की. रोज जेवढं वजन आसतंय तेवढंच पायजे. चालवायचं बी तुमीच."

मिस्त्री पेट्रोलचा कॅन घेऊन गाडीत बसले. पंचगंगेचा पूल ओलांडून सांगली रस्त्याला लागलो. शिरोलीच्या थोडं पुढे उसाच्या कडेला गाडीनं मान टाकली. नऊ किलोमीटर. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं मला उगाच समाधान वाटलं. मिस्त्रींनी कॅनमधलं पेट्रोल भरलं आणि आम्ही परत फिरलो.

दिवसभर काम चाललं. इंजिनच्या हेडवरची काजळी खरवडली, ठिणगीचं टायमिंग बसवलं, कार्ब्युरेटरमधला जेट (पेट्रोल सोडणारं पितळी तोंड) काढून बारीक छिद्राचा घातला. दुपारी मिस्त्रींच्या घरून ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि ठेचा आला. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आई मात्र दोन भाकऱ्या जेवली. घरी ती अर्धी टाकून उठते.

चारच्या सुमाराला पुन्हा बाटली टांगली. बॅगा गाडीतच होत्या, तिथून तसंच वाडीला जायचं ठरलं. मिस्त्री माझ्या शेजारी बसले. शिरोली गेली, हेर्ले गेलं. चोकाकजवळ गाडी बंद पडली तेव्हा चौदा किलोमीटर झाले होते. मी मनात हिशेब करून टाकला, आता महिन्याला एक खेप नक्की. "घाटात पण एवढंच देईल?" मी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे वळून पाहिलं. "कुठला घाट?"

"आंबा. आम्ही रत्नागिरीचे."

"आगा बाबा. नंबर कोल्हापूरचा, वाडीला जायाचं म्हनला. मी सपाटीचा जेट घातलाय."

वडिलांनी गाडी कोल्हापुरात घेतली होती, नंबर तोच राहिला होता. मिस्त्रींनी घाटाचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. या जेटवर चढाला इंजिनला पेट्रोल कमी पडणार आणि ते आणखी तापणार. मला राग आला, आणि तो बराचसा माझाच मला आला.

"जुना बसवून देतो की," मिस्त्री म्हणाले. "पन मग पुन्हा दहाच्या आतबाहेर."

मागून आईनं विचारलं, "उतरताना काही होईल का हो?"

"उतरताना काय व्हतंय, आक्का. निवांत."

"मग राहू दे हाच. सुधीर एकटा उतरेल. मी वाडीला राहते."

"किती दिवस?" मी विचारलं.

"ती आहे तोवर."

मिस्त्री खाली उतरून नळी टाकीला जोडू लागले. त्या कामाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ त्यांनी लावला. मग सांगलीहून येणाऱ्या टेम्पोला हात करून ते परत गेले.

वाडीला पोचलो तेव्हा देवळात आरती चालू होती. मावसभावाच्या बायकोनं बासुंदी पुढे केली. आतल्या खोलीत मावशीनं आईला पाहिलं आणि चालणारा हात उचलला. आई तिच्या खाटेवर टेकली. आईसाठी उशी कुठे ठेवायची हे त्या घरात आधीच ठरलेलं दिसलं. मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो. घाट उतरताना इंजिन एकदाही तापलं नाही. घरी येऊन मोजलं तर गाडीनं लिटरला सोळा दिले होते. आईला वरचेवर नेता यावं म्हणून मी एवढा खटाटोप केला. दर वेळी परतही आणायचं, हे मी धरूनच चाललो होतो. तिनं ते कधीच धरलं नव्हतं.