मागं धरणारा हात

निपाणीत लग्नाच्या पंगतीला बसलो होतो, तेव्हा बेळगावहून शेजारच्या वहिनींचा फोन आला. "भावजी, आक्का गेल्या..." माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "खुर्ची कुणी धरली होती?" आक्का झोपेत गेली होती, आपल्या पलंगावर. पण जन्मभर तिची चाकाची खुर्ची मागून धरणाऱ्याला दुसरं मरण सुचत नाही.

शालूआक्का माझी थोरली बहीण. लहानपणी पोलिओनं पाय गेले, तरी शिकून शिक्षिका झाली. शाळेबाहेरचं अर्धं शहर मात्र पायऱ्यांवर होतं. कुठंही गेलं की चौघं धावत येऊन तिला खुर्चीसकट उचलायचे आणि ती डोळे गच्च मिटायची. म्हणायची, "माणसं चांगली असत्यात रं. पण त्यातला एक तरी हसतोय, आन् हसताना हात सैल पडतोय."

एका कचेरीत तिनं अर्ज करकरून रॅम्प करून घेतला. उद्घाटनाला हार, फोटो, सगळं होतं. जागा कमी म्हणून कंत्राटदारानं तो घसरगुंडीसारखा उभा बांधलेला. अर्ध्यावर खुर्ची मागं येऊ लागली, माझ्या चपला सरकल्या. "दादू, सोडू नको रं..." ती पुटपुटली. कसेबसे खाली आलो. कचेरीतले साहेब म्हणाले, "भ्यायचं काय मॅडम, भाऊ हाय की मागं!" घाम पुसत आक्का म्हणाली, "मग तुमी बसा की साहेब. भाऊ त्योच हाय." साहेब हसत खुर्चीत बसले. अर्ध्यावर दोन्ही हातांनी खुर्ची आवळून आधी कानडीत, मग मराठीत ओरडले, "साकु, साकु! पुरे!" पुढं तो रॅम्प पाडून लांब, वळणाचा बांधला.

तेव्हापासून कुठं नवा रॅम्प झाला की आक्काला बोलावणं यायचं आणि ती आधी बांधणाऱ्याला खुर्चीत बसवायची. "मापाची टेप ऱ्हाऊ द्या. भ्या वाटलं का त्ये सांगा." मी मुळातच भित्रा, दर वेळी मागं घामाघूम. एकदा म्हणालो, एखादा धट्टाकट्टा माणूस ठेव. तर म्हणते, "न भिणारा हात सोडतोय. तू भितोस म्हणून तर तुला ठेवलंय."

आक्का गेल्यावर, परवा एका वाचनालयाचा रॅम्प झाला. खुर्ची घेऊन या, असा मला निरोप आला. तिथल्या वॉचमननं खुर्ची धरली आणि मी बसलो. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत मी कधीच बसलो नव्हतो. चढ अगदी बेताचा होता, चाकं अलगद जात होती, तरी मी दोन्ही हातांनी खुर्ची आवळून धरली. मान वळवून पाहिलं, तर वॉचमनच्या बाहीचं टोक तेवढं दिसलं. "भ्या वाटलं व्हय सर?" कंत्राटदारानं विचारलं. "नाही, रॅम्प चांगला झालाय," म्हणालो, आणि ते खरंच होतं. पण मागं कोण आहे, त्यानं धरलंय की सोडलंय, हे खुर्चीत बसलेल्याला दिसतच नाही.