आत्याचं घर कोणत्या वर्तुळात?

मंडळी, आज सकाळी चौक गावी आमच्या ओट्यावर माझी लेक गणित सोडवत होती. एका गावात चाळीस घरं. पंचवीस घरांत भात, बावीस घरांत नाचणी आणि प्रत्येक घरात काहीतरी आहेच. तर दोन्ही किती घरांत? तिने एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढली आणि मधे सात लिहिले. बरोबर!

शेजारी वाल सोलत बसलेल्या माझ्या नव्वदीच्या आत्याने विचारलं, "ह्ये घरात बघून लिवलंय का नुसतं इचारून?"

"विचारूनच असेल. का गं आत्या?"

"लढाईच्या सालात रेशनवाला यादी करायला आमच्या दारी आला व्हता. भात हाय का, नाचणी हाय का, इचारलं. आय म्हनली, दोन्ही हाय. दारातल्या मानसाला घरात दाना नाय असं सांगायची रीत नव्हती. मंग शेजारी रेशन मिळालं, आमाला नाय."

लेकीने विचारलं, "मग आजी, घरात खरं काय होतं?"

आत्याने बोट मधल्या सातावर ठेवलं आणि हळूच दोन्ही वर्तुळांच्या बाहेर, कोऱ्या कागदावर नेलं.

लेकीने उत्तर खोडलं नाही, पण पुढचं गणितही घेतलं नाही. तुमच्या घरी असं "दोन्ही हाय" कोण म्हणायचं?