अठ्ठावीस श्वास

नर्सबाई समोर बसल्या की पहिलं मिनिटभर बोलत नसत. डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे असत आणि कान तुमच्या छातीकडे. उपकेंद्रातून निवृत्त झाल्या तरी डोणगावातल्या आमच्या गल्लीत ही तपासणी चालूच होती. म्हणायच्या, "मानूस तब्येत सांगताना खोटं बोलते. श्वासाले खोटं बोलता येत नाही."

त्यांच्या निरोप समारंभात पाहुणे पुढारी सेवाभावावर बराच वेळ बोलले. शेवटी शाल पांघरलेल्या नर्सबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "साहेब, मिनिटाले चौतीस होऊन राह्यले. खाली बसा, पानी प्या." भाषण तिथंच संपलं. समारंभातला तेवढाच भाग लोकांच्या लक्षात राहिला.

घरात त्या आणि एक तांबडी कोंबडी. चालण्यातल्या रुबाबामुळे तिचं नाव तहसीलदारीण. गेल्या हिवाळ्यात ती मान ताणून, चोच उघडून श्वास घ्यायला लागली. छातीतली घरघर रस्त्यावर ऐकू यायची. आमच्याकडे कोंबडी झुरायला लागली की मरायच्या आत कापतात. शेजारच्या काकू तेच सांगायला आल्या. "कापून टाका बाई. उद्या मेली तं कोनाच्याच कामाची नाही."

"तुमच्या बुढ्याले दमा हाय," नर्सबाई म्हणाल्या. "त्याले कधी कापता?"

गुरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि ऊब द्यायला, धूर-धूळ टाळायला सांगितलं. नर्सबाईंनी तिच्या टोपलीवर बल्ब टांगला. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं त्या तिच्या नाकपुड्या पुसत, चोचीच्या कडेला थेंब थेंब औषध सोडत. दर दोन तासांनी श्वास मोजून कागदावर लिहीत. आकडा साठवरून चाळीसवर आला, तेवढ्यात मलकापूरला त्यांची बहीण पडल्याचा फोन आला. टोपली माझ्या ओसरीत आली, कागदासकट. "गुरुजी, औषध वहिनी देतील. तुमी फक्त मोजा. वाढले तं मले फोन करा, मी निघतो."

मी पहिल्या दिवशी दोनदा मोजले. मग कंटाळा आला. कोंबडीचा तक्ता ठेवणं मला अतीच वाटत होतं, आणि शाळेतले तक्ते न मोजता भरण्यात माझी उभी नोकरी गेली होती. अडतीस, पस्तीस, बत्तीस असे शोभतील ते आकडे मी लिहीत गेलो. घरघर थांबली होती, तेव्हा ती बरी होतेय असं धरून चाललो. दुसऱ्या संध्याकाळी नर्सबाईंचा फोन आला. "किती?"

"अठ्ठावीस," मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो.

"मंग एक दिवस अजून थांबतो इथं," त्या म्हणाल्या. आवाज हलका झाला होता.

त्या आल्या तेव्हा तहसीलदारीण टोपलीच्या काठावर मान टाकून पडली होती. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, घड्याळ पाहिलं, मग कागद पाहिला. "अठ्ठावीस कवा मोजले गुरुजी?"

कोंबडीची चोच दोन-तीनदा उघडली, मग उघडली नाही.

"मी काल संध्याकाळीच निघून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "थैली भरून ठेवली होती." त्यांनी कागदाची घडी केली आणि कोंबडी पदराखाली घेऊन गेल्या.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बहिणीला सोबत हवी म्हणून चैत्रात त्या मलकापूरला कायमच्या निघाल्या, तेव्हा निरोप घ्यायला आल्या. ओसरीत बसल्या, पण घड्याळाकडे पाहिलं नाही. "गुरुजी, तब्येत कशी?"

"उत्तम," मी म्हणालो.

त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या बायकोकडे वळल्या. "वहिनी, यांची तब्येत कशी हाय?"

बायको म्हणाली, "दुपारचे पडले की दचकून उठतात. ओसरीत जाऊन पाहतात. म्हनतात, तिथं कोनी तरी धापा टाकून राह्यलं."

नर्सबाईंनी मान हलवली. हे मात्र त्यांना खरं वाटलं.