शेवटची खारी सरांची

सकाळी दार वाजलं. बाहेर शेजारचे परकारभाई. "वहिनी, सर गेले," एवढंच म्हणाले आणि माझ्या गॅलरीतल्या सरांच्या वेताच्या खुर्चीकडे बघत राहिले... त्याला आता महिना झाला.

फ्रान्सिस सर नगरचे, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. परकारभाई रत्नागिरीकडचे, गोदीत नोकरीला. नेरूळची आमची सोसायटी नवी होती, तेव्हा टँकरच्या रांगेत दोघांची जुंपली. कशावरून, तर कुणाच्या धर्मानं माणसं जास्त छळली! लोक जमायला लागले, म्हणून मीच दोघांना चहाला वर आणलं. तिथंच सरांनी नियम केला: ज्यानं त्यानं आपल्याच घरचा, म्हणजे आपल्याच धर्माचा, केर काढायचा, दुसऱ्याच्या घरात झाडू घालायचा नाही. एक रविवार सरांचा, पुढचा परकारभाईंचा. ऐकणाऱ्यानं "हरलो बाबा" म्हटलं की बशीतली शेवटची खारी बोलणाऱ्याला.

सर चर्चमधून थेट यायचे. गोव्यात पोर्तुगीजांनी बाटवलेल्यांच्या दारात तुळस दिसली तरी कोठडी, इथून सुरुवात. कॅथलिक-प्रॉटेस्टंटांनी एकमेकांना कसं जाळलं इथपर्यंत येईतो चहा पार निवलेला. परकारभाई जिझियावर, सुफींना सुळावर चढवणाऱ्यांवर, शिया-सुन्नींच्या कत्तलींवर असे तापायचे की ब्लडप्रेशरची गोळी हाताशी ठेवावी लागे. एकदा मी खुशाल हसले, तर सर म्हणाले, "वहिनी, तुमचा रविवार कधी?" मग साताऱ्याकडच्या आमच्या गावची विहीर सांगावी लागली, कुणाला तिथं शिवू देत नव्हते ते. खारी मला मिळाली, पण मी ती परत बशीत ठेवली.

मग मुंबई पेटली तो हिवाळा आला. सोसायटीत कुजबुज सुरू झाली. परकारभाईंनी दारावरची पाटी काढली, मुंब्र्याला आपल्या लोकांत जायला सामान बांधलं. मला रडूच फुटलं. सर मात्र भडकले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाऊन म्हणाले, परकार जाणार असतील तर माझाही फ्लॅट विकायला काढा. मग स्टुलावर चढून पाटी स्वतः ठोकली, तीही वाकडी.

"परकार, रविवारी माझी पाळी आहे. तुम्ही गेलात तर माझ्या धर्माची पापं कुणाला सांगू?"

परकारभाईंनी बोचकी सोडली. पाटी अजून वाकडीच आहे, सरळ करू देत नाहीत.

परवाच्या रविवारी परकारभाई आले. पाळी सरांची. मी म्हटलं, त्यांच्या वतीनं तुम्हीच बोला, तुम्हाला सगळं पाठ आहे. त्यांनी मान हलवली. दुसऱ्याच्या घरात झाडू घालायचा नाही, म्हणाले. आम्ही चहा प्यायलो... मग बशीतली शेवटची खारी उचलून त्यांनी वेताच्या खुर्चीवर ठेवली.

"हरलो बाबा," म्हणाले.